दादासाहेब गायकवाड : कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर कधी?

दरवर्षी १५ ऑक्टोबरला कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांची जयंती येते आणि २९ डिसेंबरला स्मृतिदिन. प्रतिमेला हार घातला जातो, दोन-चार भाषणे होतात, आभारप्रदर्शन होते आणि कार्यकर्ते घरी जातात. आम्हीही अशा कितीतरी सभांना हजर राहिलो आहोत. परंतु त्या सभांमधून एक साधा प्रश्न विचारला गेल्याचे आम्हाला आठवत नाही. आपल्या गावात आपले लोक जी जमीन कसतात, ती सरकारदप्तरी कोणाच्या नावावर आहे? तिचा गट नंबर काय? ती गायरान आहे, वतनाची आहे, की कोणा सावकाराच्या नावावर चढलेली आहे? दादासाहेबांच्या हयातीतील मोठा लढा याच प्रश्नासाठी झाला. आज देशभर जमिनीची नव्याने मोजणी होत आहे, आकाशातून नकाशे काढले जात आहेत. अशा वेळी त्यांचे चरित्र पुन्हा एकदा जमिनीच्या बाजूने वाचले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी झाला. त्या काळी खेड्यातल्या महाराच्या पोराला जमीन म्हणजे काय हे शाळेत शिकावे लागत नव्हते. गावच्या शिवेचा वाद पडला की साक्ष महाराची घेतली जाई. शीव कोठून जाते, कोणाचा बांध कोठे संपतो, कोणता दगड कोणी सरकवला, हे त्याला तोंडपाठ असे. इंग्रजांनी १८३५-३६ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यापासून शेतवार मोजणी आणि आकारणीची नवी पद्धत सुरू केली, ती पुढे मुंबई इलाखाभर पसरली. तेहतीस फुटांची साखळी जमिनीवर पडू लागली. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. हा हिशेब घराघरांत पोहोचला. परंतु शीव ज्याला ठाऊक होती त्याच्या हाती लेखणी नव्हती. लेखणी कुलकर्ण्याच्या हाती होती. सारा गाव ज्याच्या साक्षीवर बांध ठरवी, त्याच्याच जमिनीची नोंद मात्र दुसऱ्याने लिहिली.

महाराजवळ जमीन नव्हती असे नाही. वतन होते. हाडकी-हाडोळा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जमिनीच्या बदल्यात अख्ख्या भावकीने रात्रंदिवस सरकारची आणि गावाची चाकरी करायची, असा हा व्यवहार होता. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने या चाकरीला सरकारी शिक्का मिळाला. जमीन थोडी आणि वाटेकरी अनेक. नाव एकाचे किंवा दोघांचे आणि राबणारे वीस-पंचवीस. चाकरी सोडली तर जमीन जाते आणि जमीन धरली तर गुलामी सुटत नाही. जमीन आपली आहे की नाही हे कोणालाच ठामपणे सांगता येत नव्हते. कसणाऱ्याला कायम टांगत ठेवणे हाच या वतनाचा खरा उपयोग होता.

बाबासाहेबांनी हे दुखणे नेमके ओळखले. १९२८ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या हजारो कुळांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. खोती असो की वतन, प्रश्न एकच होता. नांगर एकाच्या हाती आणि हक्काचा कागद दुसऱ्याच्या पेटीत.

भाऊराव या लढ्यात शिरले ते देवळाच्या वाटेने. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व बाबासाहेबांचे, परंतु नाशिकात राहून पाच वर्षे तो सत्याग्रह जागता ठेवला तो सत्याग्रह समितीचे चिटणीस भाऊराव गायकवाड यांनी. माणसे गोळा करणे, त्यांच्या भाकरीची सोय लावणे, तुरुंगात गेलेल्यांच्या घरची चौकशी करणे आणि गावोगावी बहिष्कार पडला की धावून जाणे, हे सारे त्यांनी केले. या काळात आणि पुढेही बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रे आज पुस्तकरूपाने उपलब्ध आहेत. ती वाचली म्हणजे एका नेत्याचा आपल्या सहकाऱ्यावर केवढा भरवसा होता हे कळते.

या सत्याग्रहातून भाऊरावांनी एक गोष्ट जवळून पाहिली. सवर्णांनी सूड घेतला तो देवळात नव्हे, शेतात घेतला. सत्याग्रहात जाणाऱ्याचे काम बंद झाले, त्याची वाट अडवली गेली. ज्याच्या पायाखाली स्वतःची जमीन नाही, त्याचा स्वाभिमान पहिल्याच आठवड्यात उपासमारीच्या तोंडी जातो. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि मंदिरप्रवेशाचा मार्ग मागे पडला. भाऊरावांच्या डोक्यात मात्र जमिनीचा प्रश्न पक्का झाला होता.

१९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षाकडून ते मुंबई विधानसभेत निवडून गेले. डिसेंबर १९३९ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील हरेगाव येथे महार-मांग वतनदारांची परिषद भरली. सरकारने वतनी जमिनीवरचा कर वाढवला तेव्हा ऑगस्ट १९४१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्याच सिन्नरला परिषद झाली. ज्या चाकरीला धड पगार नाही, तिच्या मोबदल्यातल्या तुकड्यावरही कर वाढवायचा, हा अन्याय बाबासाहेबांनी तेथे चव्हाट्यावर आणला.

१९४७ साली बाबासाहेबांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या आपल्या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती जातपात न पाहता गावकऱ्यांना सामुदायिक शेतीसाठी द्यावी, अशी योजना मांडली. ती स्वीकारली गेली नाही. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत त्यांनी खेड्यातल्या भूमिहीनांविषयीचे आपले दुःख उघड बोलून दाखवले. शिकून पुढे गेलेल्या वर्गाकडून त्यांची निराशा झाली होती आणि खेड्यातल्या भूमिहीनाला जमीन मिळवून देण्यासाठी लढण्याचा त्यांचा निर्धार होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि डिसेंबरात बाबासाहेब गेले. आग्र्यातला तो निर्धार कोणी खांद्यावर घेतला? आमच्या मते तो दादासाहेबांनी घेतला.

१९५७ साली ते नाशिकमधून लोकसभेवर गेले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. आणि लगेच घरातच वाद सुरू झाला. दुरुस्त आणि नादुरुस्त अशी विभागणी झाली. धोतर नेसणाऱ्या, खेडवळ भाषेत बोलणाऱ्या या नेत्याला पक्ष चालवण्याची पात्रता आहे काय, असे विचारले गेले. जमिनीचा लढा म्हणजे कम्युनिस्टांची री ओढणे, अशीही टीका झाली. दादासाहेबांनी या टीकेला उत्तर दिले ते कामाने. १९५९ साली त्यांनी महाराष्ट्रात भूमिहीनांचा सत्याग्रह पुकारला. मराठवाड्यात, खानदेशात शेतमजूर मोठ्या संख्येने त्यात उतरले. पडीक, गायरान आणि सरकारी जमिनी भूमिहीनांना द्या, ही मागणी होती. सत्याग्रही केवळ महार नव्हते. इतर जातींचे भूमिहीनही या झेंड्याखाली आले, ही गोष्ट आज आवर्जून सांगितली पाहिजे.

१९५९ हे साल आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. गावकामगारांची कनिष्ठ वतने नष्ट करणारा १९५८ चा मुंबई कायदा १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. शतकांची चाकरी कायद्याने संपली. हा चळवळीचा मोठा विजय होता. परंतु कायद्यात मेख होती. वतनाची जमीन प्रथम सरकारजमा झाली आणि मग वतनदाराने कब्जेहक्काची रक्कम भरली तर ती त्याला पुन्हा प्रदान व्हायची. तीही नवीन अविभाज्य शर्तीवर, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही की वाटता येणार नाही अशी. ज्याने मुदतीत रक्कम भरली नाही, तो आपल्याच बापजाद्यांच्या जमिनीवर अनधिकृत कब्जेदार ठरला. अनेक घरचा कर्ता मुंबईत गिरणीत किंवा गोदीत. नोटीस आली कधी, चावडीवर वाचली कोणी आणि रक्कम भरायची कोठे? कोणी भरली, कोणी भरली नाही. कोठे एकाच भावाचे नाव लागले आणि बाकीच्या वाटेकऱ्यांची नावे गळाली. चाकरी गेली, पण टांगणी गेली नाही.

विकायला परवानगी लागावी ही अट मुळात राखणीसाठी होती, हे आम्ही नाकारत नाही. ती नसती तर उरलेली वतने केव्हाच सावकाराच्या घशात गेली असती. परंतु राखणदारच फितूर झाला तर काय होते, हेही आपण पाहिले आहे. शहरे वाढली तशी शहराच्या कडेची वतने सोन्याच्या भावाची झाली. २०२५ साली पुण्याच्या मुंढव्यातील सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार वादात सापडला, चौकशा लागल्या. त्या एका प्रकरणाने वर्तमानपत्रांचे रकाने भरले. परंतु ज्यांची बातमी होत नाही अशा वतनांचे काय? जेथे नोंद धूसर, तेथे धनदांडग्याचे फावते. हा नियम जुनाच आहे.

दादासाहेबांना ही गोष्ट एका जिल्ह्याची किंवा एका राज्याची नाही हे कळले होते. १ ऑक्टोबर १९६४ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांची सनद देण्यात आली आणि बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, ६ डिसेंबर १९६४ रोजी, देशव्यापी भूमिहीन सत्याग्रह सुरू झाला. महाराष्ट्राबाहेर पंजाब, उत्तर प्रदेश अशा राज्यांतही माणसे तुरुंगात गेली. चळवळीच्या हिशेबाप्रमाणे हा आकडा तीन लाखांवर जातो. बाया कडेवरच्या लेकरांसह तुरुंगात गेल्या. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, बौद्धांना सवलती द्या, किमान वेतन कायदा अमलात आणा, धान्याचे भाव आवरा, कसेल त्याला जमीन आणि पडीक जमीन भूमिहीनांना द्या, अशा त्या मागण्या होत्या. तैलचित्र १९९० साली लागले. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलतींचा हक्क देणारी दुरुस्तीही १९९० सालीच झाली. म्हणजे या दोन मागण्यांना पाव शतक लागले. जमिनीच्या मागणीला साठ वर्षे उलटली तरी ती अजून मागणीच आहे.

या लढ्यामागचे देशाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. तमिळनाडूत १८९२ नंतर इंग्रज सरकारने अस्पृश्यांना दिलेल्या पंचमी जमिनी आहेत. त्या इतरांना विकता येत नाहीत, तरी मोठ्या प्रमाणात त्या इतरांच्याच ताब्यात गेल्या. पंजाबात गावाच्या सामाईक शेतजमिनीतला एक तृतीयांश वाटा अनुसूचित जातींना लागवडीने देण्याचा नियम आहे. तेथे डमी माणूस उभा करून जमीनदारच बोली जिंकतो, म्हणून गावोगावी संघर्ष होतो. बिहारात बटाईदार पिढ्यान्पिढ्या राबतो आणि त्याचे नाव कागदावर येत नाही. महाराष्ट्रात गायरान, वतन आणि एकसाली. नावे वेगळी, दुखणे एक. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जातींची लोकसंख्या १६.६ टक्के आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे त्यांच्या वहिवाटीतले क्षेत्र मात्र देशाच्या एकूण क्षेत्राच्या ९ टक्क्यांच्याही आत आहे.

दादासाहेब १९६२ ते १९६८ राज्यसभेत होते. १९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात त्यांनी काँग्रेसशी जो समझोता केला, त्याबद्दल चळवळीत तेव्हाही मतभेद होते आणि आजही आहेत. त्या समझोत्याने पक्षाचे नुकसान झाले असे आमचेही मत आहे. परंतु त्या एका निर्णयाच्या मापाने हा माणूस मोजणे म्हणजे टोकाचा बांध पाहून अख्खे शेत नापीक ठरवणे होय. २९ डिसेंबर १९७१ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे जमिनीचा लढा संपला नाही. मराठवाड्यात गायराने कसणाऱ्या दलितांनी मार खाल्ला, उभी पिके जळताना पाहिली, पण ताबा सोडला नाही. एकनाथ आवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी त्यांना कागदाचे मोल शिकवले. तलाठी अतिक्रमणाचा दंड लावी. त्या दंडाची पावती हाच पुढे कब्जाचा पुरावा ठरला. ज्या कागदाने गुन्हेगार ठरवले, तोच कागद पोटाशी धरून ठेवायचा, अशी ही गरिबाची कायदेशीर लढाई. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अनुसूचित जाती-जमाती आदींची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. काहींची नावे सातबाऱ्यावर आली. पुष्कळांची प्रकरणे तहसिलात धूळ खात पडली. २०११ साली जगपालसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. त्या निकालात भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या धोरणाने दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवलेला आहे. परंतु गावात बुलडोझर येतो तेव्हा निकालाचे ते पान कोणी वाचून दाखवत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. २००८ पासून केंद्र सरकारचा भूमी अभिलेख संगणकीकरणाचा कार्यक्रम चालू आहे. प्रत्येक भूखंडाला १४ अंकी ‘भू-आधार’ क्रमांक देण्यात येत आहे. २४ एप्रिल २०२० रोजी ‘स्वामित्व’ योजना जाहीर झाली आणि ड्रोनने गावठाणे मोजून घरांची मालमत्ता पत्रके देण्याचे काम सुरू झाले. मोजणीला आमचा विरोध नाही. उलट, नोंद स्वच्छ झाली तर गरिबाचाच फायदा आहे. पण ड्रोनला छप्पर दिसते, हक्क दिसत नाही. त्याला शेतातले पीक दिसते, ते कोणी पेरले ते दिसत नाही. गावठाणाची मोजणी म्हणजे गावठाणाच्या आतली मोजणी. आपल्या कित्येक वस्त्या तर गावठाणाच्या कडेला, गायरानात वसल्या आहेत. त्या आपोआप या नकाशात येत नाहीत. आणि शेताच्या बाबतीत जुनी नोंद आहे तशी संगणकावर चढली, तर जुना अन्यायही तसाच चढतो. कुलकर्ण्याच्या दप्तरातली चूक शाईची होती, ती निदान वादात खोडता येत असे. आता तिला चौदा आकडी क्रमांक मिळणार आहे.

आपल्या देशात सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ प्रमाणे त्यावरची नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानायची, एवढेच. म्हणजे ती खोटी ठरवण्याचा भार कोणावर? ज्याचे नाव नाही त्याच्यावर. कोर्टाची पायरी चढण्याची ऐपत ज्याची नाही, त्याच्यावर.

आदिवासींसाठी २००६ साली वनहक्क कायदा झाला. त्यात १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा मान्य केला जातो, ग्रामसभेला दावे तपासण्याचा अधिकार आहे आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाबही पुरावा म्हणून चालतो. मग गायरान कसणाऱ्यासाठी असाच कायदा का नको? शासन निर्णय आज निघतो, उद्या बदलतो. हक्क कायद्याने मिळाला पाहिजे. राज्य सरकारने २००४ साली दादासाहेबांच्याच नावाने सबळीकरण व स्वाभिमान योजना काढली. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन विकत घेऊन द्यायची, अशी ती योजना. हेतू चांगला. पण सरकारी दरात जमीन विकायला कोण तयार होतो? विकत घेण्याच्या योजनेला दादासाहेबांचे नाव आणि जी जमीन लोक आधीच कसत आहेत तिच्यावर मात्र बुलडोझर, ही विसंगती आहे.

म्हणून आम्ही सुचवतो ते एवढेच. येत्या जयंतीला प्रत्येक गावच्या बुद्ध विहारात एक वही ठेवा. आपल्या वस्तीतले कोण कोणता गट कसतो, किती वर्षांपासून आणि त्याच्याजवळ कोणता कागद आहे, ते तीत लिहा. तलाठ्याकडून सातबारा, जुने फेरफार आणि गाव नमुना एक-ई म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, यांच्या नकला मागा. मिळाल्या नाहीत तर माहितीच्या अधिकारात मागा. वतनाची जमीन असेल तर पुनर्प्रदानाचा आदेश आणि कब्जेहक्काची रक्कम भरल्याची पावती शोधा. सर्व वाटेकऱ्यांची वंशावळ तयार करा आणि तीत बहिणींची नावे गाळू नका. दंडाच्या पावत्या ट्रंकेत कुजू देऊ नका. मोजणीवाले येतील त्या दिवशी मजुरीला न जाता बांधावर हजर राहा. आणि शिकून शहरात गेलेल्या पोरांनी वर्षातले चार दिवस या वहीसाठी गावाला द्यावेत. आग्र्याच्या सभेतले ते जुने देणे अजून फिटलेले नाही.

महाराला शीव ठाऊक होती, पण लिहिता येत नव्हते. आज त्याच्या नातवंडांना लिहिता येते. आता शीवही आपणच दाखवू आणि नोंदही आपणच तपासू. दादासाहेबांच्या प्रतिमेला हार जरूर घाला. पण हार घालणाऱ्या हातात त्या दिवशी आपल्या गावचा एक सातबाराही असू द्या.

जयभीम!